तो फोटो झाकायचा कशासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत फ्रेंच शिल्पकार रोदँच्या 'द किस' या चुंबन घेऊ पाहणाऱ्या जोडप्याच्या शिल्पाचा फोटो छापला म्हणून दोन वाचकांनी नाराजीची पत्रं पाठवली, घरात आईबहिणीसमोर पेपर उघडायची सोय राहिली नाही म्हणे. मी जळगावात मार्बलचं काम करतो, ओटे, देव्हारे, नावाच्या पाट्या, त्यामुळे माझं लक्ष आधी दगडाकडेच गेलं. शिल्पातलं जोडपं बसलंय तो खडक खडबडीत सोडलाय आणि त्याच दगडातून निघालेली त्या बाईची पाठ बघा कशी मऊ, घासाई करणाऱ्यालाच कळेल तिथं किती हात फिरला असेल ते. मूळ रोदँने घडवलं पण पॅरिसमधलं मार्बलचं शिल्प कोरलं ज्यां तुर्काँ नावाच्या कारागिराने, फ्रेंच सरकारने १८८८ साली ऑर्डर दिली होती, हे तुमच्या लेखात यायला पाहिजे होतं.

आणि शिल्पातल्या पुरुषाचा उजवा हात बघा. तिच्या मांडीवर नुसता टेकलाय, पकडलेलं नाही. दुसऱ्या हातात पुस्तक, वाचता वाचता राहून गेलेलं. इटालियन कवी दांतेच्या काव्यातले पाओलो आणि फ्रांचेस्का हे, तिच्या नवऱ्याने दोघांनाही मारलं. ओठ अजून टेकलेलेसुद्धा नाहीत हो, यात घाण काय दिसली?

इंग्लंडात लुईस गावी १९१४ ला याच शिल्पाची मार्बलमधली दुसरी प्रत टाऊन हॉलमध्ये ठेवली तर गावात उतरलेले सैनिक बिघडतील म्हणून चादर टाकून झाकली होती, तीच पुढे १९५३ ला लंडनच्या टेट संग्रहालयाने विकत घेतली. आणि आपल्याला तर अजिंठा एवढा जवळ, १७ नंबरच्या लेण्याच्या दारावर वर बुद्ध ओळीने बसलेत आणि त्यांच्याच खाली प्रेमात रमलेली जोडपी रंगवलीत. भिक्षू राहायचे त्या विहाराचं दार ते, रोज त्याखालून जात असतील. आपल्या शाळांच्या सहली तिथं जातात, पोरं बघतात, कोणाचं काही बिघडलेलं मी तरी बघितलं नाही.

माझ्या आईलाही तो फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "दोन्हीस्ना एकमेकवर जीव शे रे." आणि पेपर घडी करून उशाशी ठेवला.

तेव्हा एक विनंती, त्याच शिल्पाचा मागच्या बाजूने काढलेला फोटो पण छापा, जरा मोठा, पाठीवरचं काम दिसेल असा.

आपला,
एक नियमित वाचक, जळगाव