कराड ते न्यू जर्सी, टप्पे किती?

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, माझ्याकडे न्यू जर्सीला यायच्या विमानाबद्दल परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "अंतर तेच, मग जाताना सोळा तास आणि येताना चौदाच कसे?" मी घाईत "वारा असतो" म्हणाले नि फोन ठेवला. तीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाला असलं उत्तर चालायचं नाही, हे नंतर लक्षात आलं.

तर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. तुमच्या एसटीच्या तिकिटाच्या ६ किलोमीटरच्या टप्प्यानं दोन हजारांवर टप्पे! कराड-मुंबई पन्नासात उरकतं. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, आणि तिथं पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, कधी ताशी २०० किलोमीटरचा. इकडे येताना तो तोंडावर, परतताना पाठीशी. पृथ्वी फिरते म्हणून नव्हे बरं का. हवाही तिच्याबरोबरच फिरते. चालत्या गाडीत उभ्यानं तिकिटं फाडताना तुम्ही कुठं मागं पडत होता?

समोरच्या पडद्यावर विमान उगाच उत्तरेकडे चढल्यासारखं दिसेल. माळ्यावरचा माझा पृथ्वीगोल काढा आणि मुंबई-न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो थेट ग्रीनलंडच्या खालच्या टोकाशी जातो. तीच जवळची वाट. पण वाटेतल्या एखाद्या देशानं आपलं आकाश विमानांना बंद केलं की वळसा पडतो. घाटात दरड आली की तुमची गाडी फिरून जायची, तसाच.

आई, तू तारखेचं विचारत होतीस. रात्री दीडला निघालात तर त्याच दिवशी सकाळी आठच्या सुमारास इथं उतराल. इथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागं असतं, थंडीत साडेदहा. म्हणून 'सकाळी पोचलो' याला फसू नका, अंगात संध्याकाळच असते. माझ्या पहिल्या खेपेला दोन झोपा झाल्या, तुझी भाकरी-चटणी संपली, आणि पडद्यावर पाहते तर अजून ९ तास ४० मिनिटं! ते चिमुकलं विमान जागचं हलेना.

बाबा, मध्ये आठ तास थांबणारं तिकीट स्वस्त आहे, मलाही दिसतंय. पण घेणार नाही. कराडहून निघून विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, उतरल्यावर पासपोर्टची रांग, पुढं गाडीनं घर, म्हणजे असेही सव्वा दिवसाच्या वर जातात. त्यात आईचे गुडघे. थेटच विमान, आणि दोघांना चालायच्या वाटेलगतची जागा. दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायचं, पाणी पीत राहायचं. यावर वाद नको.

आणि आई, लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नकोस, तपासणीत काढून घेतात. मोठ्या बॅगेत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, बाबांच्या शर्टांपासून लांब. आंबे मात्र आणू नका, इथं उतरल्यावर ठेवून घेतात.

तुमची,
ताई