साइटला हात लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या तिरंदाजीवरील लेखात बाणाला ब्रॉडहेड (धारदार पात्यांचं शिकारी टोक) लावल्यावर साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) सरकवावी, असा सल्ला आहे. तो मला पटला नाही. हाच उद्योग मी एक अख्खा मोसम केला आणि फील्ड पॉइंटचा (सरावाच्या बिनपात्यांच्या टोकाचा) नेमही घालवून बसलो.

फील्ड पॉइंट गरीब असतं, धनुष्यातला दोष पोटात घालतं. ब्रॉडहेडची पाती मात्र बाणाच्या पुढच्या टोकाला पंखांसारखी वागतात. बाण जरा तिरका सुटला की पाती त्याला त्याच दिशेला ओढतात. म्हणजे चूक साइटची नसते, बाण सुटण्याची असते.

आधी दोन्ही टोकं सारख्याच वजनाची घ्या, उदा. 100 ग्रेन. बाण टोकावर फिरवून पाहा. डुगडुगला तर तो बाजूला ठेवा. मग 20 यार्डांवर दोन्हींचे गट (एकाच नेमावर काही बाण) मारा, पण वेगवेगळ्या ठिपक्यांवर. (माझ्या बाणांची किती पिसं पात्यांनी कापली, विचारू नका.) ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे लागत असेल तर रेस्ट (धनुष्यावर बाण टेकवायचा आधार) उजवीकडे, खाली लागत असेल तर रेस्ट वर. एका वेळी एक मिलिमीटरहूनही कमी. गट जुळले की 40 यार्डांवर पुन्हा तपासा. साइट सगळ्यात शेवटी.

रेस्ट हलवूनही गट जुळत नसतील, तर बाणाचा ताठपणा धनुष्याच्या ओढीला साजेसा आहे का ते बघावं. आणि मूठ! माझी तरी निम्मी चूक धनुष्य घट्ट पिळून धरण्याचीच निघाली.

आपला,
एक हट्टी तिरंदाज