बाबा, चाकू घेऊन शाळेत या

रत्नागिरी,
श्रावण

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, "आम्ही सातवीपर्यंतची माणसं, आम्हाला काय कळतं." मी एसटीत होते, बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे ठेवायला सांगितलंय. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली मुलांनी काम शिकायचं. आमच्या शाळेत कुणाला बोलवायचं यावर बोलणं सुरू झालं आणि मला आपली मागची पडवी दिसली. बाहेर भुरभुर, शेजारी रुजलेल्या कोयी, पाटावर कलमं बांधत बसलेले तुम्ही. तांबूस पानांचं कोवळं रोप कोयीच्या वर तीन-चार बोटांवर छाटायचं, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी दोन्ही बाजूंनी तासून तिची पाचर करायची, ती चिरेत बसवून वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. मी पहिल्यांदा बांधलेल्या कलमांतलं एकही जगलं नाही. तुम्ही रागावला नाहीत. एक सोडून दाखवलंत, "बघ, काडी बारीक, रोप जाड. निदान एका बाजूनं तरी सालीला साल भिडायला हवी." पुढे कॉलेजात सालीखालच्या त्या वाढणाऱ्या थराचा धडा आला, तेव्हा तो माझ्या बोटांना आधीच ठाऊक होता. दापोलीच्या कृषी विद्यापीठात हेच कोय कलम शिकवतात, बाबा.

शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या शिक्षणापुढे 'सातवी' लिहिताना मी हात आडवा धरायचे. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि आई, तुझा हिशेब! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, हे मी फळ्यावर चंद्र काढून शिकवते. मुलं पाठ करतात नि परीक्षेनंतर विसरतात. तू ते चुलीपुढे बसून काढायचीस, कारण चुकलं तर खाडीवरून शिंपल्यांची टोपली रिकामीच घेऊन यावं लागायचं.

तेव्हा दोघांनी यायचंच. बाबांनी याच महिन्यात, हवेत ओल आहे तोवर. कोयी मी रुजत घातल्यात, काड्या आणि चाकू तुम्ही आणा. पहिली कलमं बरीचशी मरतील, मरू देत. शाळा मानधन देईल, ते नाकारायचं नाही.

आई, तुझा दिवस दिवाळीनंतर. ओहोटी शाळेच्या वेळेत यावी म्हणून मी अष्टमी धरली होती. मग आठवलं, अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. पाणी नीट उतरत नाही, तिसऱ्या शिंपल्या कुठून मिळणार? तृतीया घेऊ. भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठची. मुलं साडेसातलाच खाडीवर येतील, मुख्याध्यापकांशी बोलले आहे.

तुमची लेक