विषय: डेझीच्या पाकिटावरील चुकीच्या सूचना आणि तीन पाकिटांच्या पैशांची परतफेड

लोकमान्य नगर, इंदूर
12 मार्च

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

स.न.वि.वि.

गेल्या मे महिन्यात मी आपल्याकडून बेलिस डेझीची चार पाकिटं मागवली, प्रत्येकी 120 रुपये. ओट्यापुढच्या वाफ्यात वसंतात बुटक्या गुलाबी-पांढऱ्या फुलांची किनार हवी होती.

पाकिटावर छापलं आहे : ‘मे ते जुलैमध्ये पेरा, वर अर्धा इंच माती पसरा.’ जूनअखेर दोन पाकिटं तशीच पेरली. कशीबशी दहा-बारा रोपं वर आली आणि आठवड्याभरात बुंध्याशी कुजून आडवी झाली. आपल्या हेल्पलाइनवरच्या मुलानं सांगितलं, “मॅडम, पाणी जास्त झालं असेल.” पाणी मी घातलं नव्हतं, आर्द्रा नक्षत्रानं घातलं होतं.

जूनची पेरणी युरोपात ठीक आहे. तिथला उन्हाळा सौम्य, रोपं थंडी काढून पुढच्या वसंतात फुलतात. आमच्या माळव्यात मात्र तेव्हा पाऊस कोसळत असतो. पाकिटावरच्या फोटोत डेझीच्या मागे ट्युलिप उभे आहेत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती!

दसऱ्यानंतर उरलेली दोन पाकिटं मुद्दाम ताडून पाहिली. एक आपल्या सूचनेप्रमाणे अर्धा इंच मातीखाली : चार रोपं. दुसरं माझ्या पद्धतीनं, कारण इतकं बारीक बी उजेड मिळाला तरच नीट रुजतं. ओल्या मातीवर भुरभुरलं, तळहातानं दाबलं, वर माती टाकलीच नाही. ट्रे पंधरा दिवसांत भरला. डिसेंबरच्या सुरुवातीला वीतभर अंतरानं रोपं लावली आणि फेब्रुवारीत वाफा फुलला. लाल बटणांसारखी फुलं तर शेजारच्या काकू रोज मागतात.

म्हणजे बी आपलं उत्तम आहे, आणि म्हणूनच जास्त राग आला. वाईट असतं तर गप्प बसले असते.

तरी तीन पाकिटांचे 360 रुपये परत करावेत. आणि मैदानी भागासाठी ‘सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, बी झाकू नये’ असं मराठी-हिंदीत छापावं. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. बदली पाकिटं कृपया आत्ता पाठवू नका, ऊन तापायला लागलं आहे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावती, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे आणि दोन्ही ट्रेंचे फोटो