राजा गेला, पण गादीवर कोण आलं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१३ जानेवारी २०२० रोजी डिचोलीतल्या एका कचेरीत दाखल्यासाठी गेलो होतो. आवारातला तिरंगा अर्ध्यावर होता. का, म्हणून विचारलं, तर खिडकीमागच्या कारकुनाने सांगितलं, "कोणीतरी बाहेरचा राजा वारला." तो राजा म्हणजे १९७० पासून ओमानच्या गादीवर असलेले सुलतान काबूस. माझा मुलगा तेव्हा मस्कतला नोकरीला होता, म्हणून ते उत्तर मनाला लागलं.

दुखवट्याच्या बातम्यांत निधन छापलं जातं, पुढचं गळतं. एका राज्याने मित्रराज्याला धाडलेल्या निधनाच्या पत्रात मात्र तीन गोष्टी असतात: राजा गेला, अमुक गादीवर बसला, आणि आपला स्नेह पूर्वीसारखाच राहील. जुन्या रिवाजात तर राजा गेला की त्याने नेमलेल्या वकिलाची, म्हणजे राजदूताची, अधिकारपत्रंही नवी करून घ्यावी लागत. पोर्तुगीज अमदानीत शेजारी राजांना लिहिलेल्या पत्रांच्या वह्याच वेगळ्या ठेवलेल्या असत. पणजीच्या पुराभिलेख खात्यात त्या आजही आहेत. डिसेंबर १७४९ मध्ये साताऱ्यात शाहू महाराज गेले आणि जुलै १७५० मध्ये लिस्बनला पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव. लिस्बनची वार्ता जहाजाने गोव्यात पोचेपर्यंत कित्येक महिने इथला कारभार गेलेल्या राजाच्याच नावाने चालत असे.

काबूस यांना मूलबाळ नव्हतं. तीन दिवसांत राजघराण्याचं एकमत झालं नाही, तर त्यांनी लिहून ठेवलेला बंद लिफाफा उघडायचा, असा तिथला कायदा. घराण्याने वाट न पाहता लिफाफाच उघडायला सांगितला. नाव निघालं हैथम बिन तारिक यांचं. ११ तारखेलाच त्यांनी शपथ घेतली आणि काबूस यांचंच शेजारधर्माचं धोरण पुढे चालवू, असं पहिल्या भाषणात सांगितलं. "बाबा, लिफाफा उघडला, सगळं शांत आहे," हा मुलाचा फोन आला तेव्हा कुठे त्याच्या आईने जेवायला घेतलं.

डिसेंबर २०२३ मध्ये कुवेतचे अमीर गेले, तेव्हाही भारताने एक दिवस दुखवटा पाळला आणि आमच्या वाड्यावर पहिला प्रश्न हाच होता, "आता कोण?" आखातात माणूस नाही असं घर आमच्याकडे शोधावं लागतं. म्हणून विनंती, की अशा बातमीखाली वारसाचं नाव आणि त्याने भारताविषयी काय म्हटलं, या दोन ओळी आपण आवर्जून छापाव्यात.

आपला,
एक वाचक, डिचोली