पांढऱ्या झग्यातल्या सोबत्यास

प्रिय सोबती,

पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. 'तू आलास' लिहू की 'तू आलीस'? आपण जवळजवळ दोन तास एकमेकांबरोबर होतो, पण तुम्ही पुरुष की बाई, वय काय, भाषा कोणती, कुठल्या देशातून खेळत होतात, यातलं काहीच मला कळलं नाही. म्हणून 'तुम्ही'. 'तुम्ही आलात' म्हटलं की कुणीही त्यात मावतं.

खेळ होता 'जर्नी', २०१२ साली आलेला एक व्हिडिओ गेम. सुरुवातीला नुसतं वाळवंट दिसतं आणि लांबवर एक डोंगर, शिखराशी दुभंगलेला, त्या फटीतून उजेड येणारा. तिकडे जायचंय हे कुणी सांगत नाही, तरी समजतं. मैत्रिणीने तो मला देऊन ठेवला होता. आई जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. भेटायला येणारे सगळे प्रेमाने येत, प्रेमाने बोलत. 'खंबीर राहा.' 'वेळ जाऊ दे.' 'आता तूच सगळ्यांना सांभाळायचंस.' प्रत्येक वाक्याला काहीतरी उत्तर द्यावं लागायचं आणि त्या उत्तरांनीच मी थकून गेले होते. एका रात्री झोप येईना म्हणून खेळ लावला. त्यात दुसरं माणूस भेटतं हे मला ठाऊकच नव्हतं.

तुम्ही मोडक्या पुलाजवळ भेटलात. माझा झगा लाल, पाठीवर वीतभर स्कार्फ. तुमचा झगा पांढरा आणि स्कार्फ एवढा लांब की वाऱ्यावर त्याच्या लाटा होत होत्या. मला वाटलं, खेळातलंच एखादं पात्र असेल. मग तुम्ही थांबलात, वळलात आणि साद घातलीत. एकच सूर, आणि तुमच्याभोवती उजेडाचं वर्तुळ. मी बटण दाबलं तर माझ्यातूनही सूर निघाला. तुम्ही दोन काढलेत, मीही दोन काढले. तुम्ही तीन काढलेत. तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला, कारण पलीकडे कुणीतरी खरंच होतं.

पांढऱ्या झग्याचा अर्थ मला पुढे कधीतरी कळला. खेळभर लपवलेली सगळी चमकती चिन्हं ज्याने शोधली आहेत, त्यालाच तो मिळतो. म्हणजे हा सगळा रस्ता तुमच्या पायाखालचा होता. तरीही माझ्यापुढे धावत सुटला नाहीत. गुलाबी वाळूच्या मैदानात मी चुकीच्या दिशेला भरकटले की लांबून तुमची साद यायची, आणि मी वळेपर्यंत तुम्ही तिथेच उभे असायचात. एकेका चिन्हापाशी नेऊन बाजूला थांबायचात. एक चिन्ह मिळालं की स्कार्फ थोडा वाढतो, जितका स्कार्फ तितकं उडता येतं, हे मला तुमच्याकडे बघून समजलं.

मध्येच फोन वाजला. कुणाचा ते आता आठवत नाही. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि दोन-तीन मिनिटांनी परत आले. मनात म्हटलं, गेले असतील पुढे. तुम्ही माझ्या शेजारी वाळूत बसला होतात. त्या तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा रडले ती तिथे. कारण सांगायला कुणी विचारत नव्हतं, म्हणून रडता आलं असावं.

पुढे या खेळाविषयी मिळेल ते वाचलं. दिग्दर्शक जेनोव्हा चेन यांनी सांगितलेली एक गोष्ट तर कायमची लक्षात राहिली. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये खेळाडूंना एकमेकांना ढकलता येत असे, आणि लोक खरोखरच एकमेकांना ढकलत बसत. त्यांनी माणसांना दोष दिला नाही, ढकलण्याची सोयच काढून टाकली. उलट जवळ आलं की दोघांच्याही स्कार्फमध्ये पुन्हा बळ भरावं अशी रचना केली. बोलायची सोय नाही, टायपायची नाही, खेळताना समोरच्याचं नावही दिसत नाही. नियम एवढेच. त्या नियमांत तुम्ही जे केलंत ते मात्र कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं.

इथे थोडं दुसऱ्या खेळांविषयी लिहिते, कारण त्याशिवाय तुमचा वाटा नीट सांगता येणार नाही. (ते ज्यांना अजून खेळायचे आहेत त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्यावा, शेवट फुटतील.) 'फायनल फँटसी सेव्हन'मध्ये, १९९७ साली, नायकाची साथीदार एरिथ मरते तो प्रसंग लोक अजून विसरलेले नाहीत. मलाही तो लागला. पण तिथे आपण हातातला कंट्रोलर विसरून नुसते बघत राहतो. त्यापेक्षा 'ब्रदर्स' मला खोल गेला. २०१३चा, जोसेफ फारेस यांचा. त्यात एकाच कंट्रोलरवर दोन भाऊ असतात, डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. धाकट्याला पाण्याची भीती, म्हणून तो थोरल्याच्या पाठीला धरून नदी ओलांडतो. थोरला जातो. डावा हात मोकळा पडतो. मग घराच्या वाटेवर पुन्हा पाणी आडवं येतं, धाकटा काठाशी थबकतो, काही केल्या आत शिरत नाही. शेवटी आपण थोरल्याचं बटण दाबून बघतो, आणि तो पोहू लागतो. ते दुःख कुणी सांगत नाही, ते बोटाला कळतं. खेळांतले जे प्रसंग वर्षानुवर्षं राहतात ते बहुतेक असेच हातात राहिलेले असतात, असं मला वाटतं.

'नीअर ऑटोमाटा'चा शेवट (२०१७, दिग्दर्शक योको तारो) आणखी पुढे जातो. श्रेयनामावलीच आपल्यावर गोळ्या झाडते, आपण हरत राहतो, आणि मग अनोळखी खेळाडूंची मदत येते. आपल्याला लागणारा प्रत्येक वार त्यांच्यापैकी कुणीतरी झेलतं, आणि त्या माणसाचा डेटा गेल्याचं पडद्यावर उमटतं. सगळं संपल्यावर आपल्याला एक प्रश्न येतो, की कुणा अनोळखी माणसासाठी तुम्ही तुमचा जपून ठेवलेला सगळा खेळ पुसून टाकाल का? मी 'हो' म्हटलं. म्हणताना डोळ्यांसमोर तुम्ही होतात. एरिथचा मृत्यू कुणीतरी लिहिला होता, त्या नदीचा काठही लिहिला होता. तुमचं वाळूत बसून राहणं कुणी लिहिलं नव्हतं.

आता परत आपल्या 'जर्नी'कडे. भुयार. दगडी प्राणी हवेत फिरत होते, डोळ्यातून उजेडाचा झोत सोडत. तुम्ही आडोशाला थांबला होतात, मीच घाई केली. झोत लाल झाला, प्राण्याने झडप घातली आणि मोठ्या कष्टाने वाढवलेला माझा स्कार्फ अर्ध्यावर फाटला. तुम्ही धावत आलात आणि छोटे छोटे सूर एकामागून एक काढत राहिलात. ते 'जाऊ दे' होतं की 'लागलं का?' होतं, कोण जाणे. मी माझ्यापुरतं दोन्ही धरलं.

आणि बर्फ. याचसाठी खरं तर हे पत्र. त्या चढावर स्कार्फ गोठतो, पावलं जड होत जातात, साद घालायला गेलं तर बारीकसा आवाज निघतो. वारा सुटला की दगडाआड उभं राहायचं, थांबला की चार पावलं टाकायची. आपण चिकटून चालत होतो, कारण जवळ असलं की थोडी ऊब राहते. शेवटी तीही पुरेना. मी मागे पडले. तुम्ही पुढे होतात आणि पुढे काय आहे ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. दोघंही कोसळणार, पडदा पांढरा होणार, आणि त्यानंतर सगळ्या खेळातलं सर्वांत मोठं उड्डाण. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, संपलं. तुम्हाला सांगता येत नव्हतं. तुम्ही वळलात, तेवढा चढ उतरून खाली आलात आणि माझ्या शेजारी पडलात.

वर पोचल्यावर तुम्ही बर्फात गोल गोल चालत काहीतरी करत होतात. बदाम काढलाय हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मी त्याच्या मध्यभागी उभी राहिले. मग आपण उजेडात शिरलो.

अगदी शेवटी, वाटेत भेटलेल्या सोबत्यांची नावं पडद्यावर येतात. माझ्या पडद्यावर एकच होतं. ते मी वहीत उतरवून घेतलं. इथे लिहीत नाही, ते तुमचं आहे. निरोप पाठवायचा बेत तेव्हा अनेकदा केला आणि प्रत्येक वेळी खोडला. दोन तास न बोलता जे झालं ते एका ओळीच्या निरोपात घालायला मन धजेना.

मग खेळांचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांची आठवण वाचली. २००९च्या 'डेमन्स सोल्स'मध्ये अनोळखी खेळाडू मदतीला येतात आणि निघून जातात, ते त्यांना बर्फातल्या एका चढावर सुचलं. गाड्या घसरत होत्या, मागच्या गाडीने पुढच्या गाडीला रेटा देत देत सगळे वर चढले. आभार मानायला थांबावं तर गाडी पुन्हा अडकणार, म्हणून ते थांबू शकले नाहीत. हे वाचलं त्या दिवशी मी वही उघडली.

माझाही झगा आता पांढरा आहे. गेल्या महिन्यात पुलाजवळ कुणीतरी लाल झग्यातलं भेटलं. एकाच भिंतीला पुन्हा पुन्हा धडकत होतं. मी एक सूर काढला आणि थांबले. बराच वेळ काही आलं नाही. मग एक आला.

हे कधी तुमच्या वाचनात आलं, तर ओळख अशी पटेल: वीतभर स्कार्फ, भुयारात केलेली घाई, आणि फोनसाठी तुम्हाला वाळूत बसवून ठेवणारी. ती मी. तुम्ही बसून राहिलात आणि चढ उतरून मागे आलात, त्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

तुमची,
लाल झग्यातली