ब्युरेटचा कॉक

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी फीवरून मी फोनवर जरा आवाज चढवला. ट्यूशन भरायचीच आहे, पण त्यात ‘ब्लुगोल्ड कमिटमेंट’चे जादा पैसे कशाला, असं मला वाटत होतं. तू म्हणालीस, “बाबा, ते आमच्याच प्रोजेक्टसाठी असतात.” तेव्हा मी ऐकून घेतलं नाही. मग रात्री बसून सगळं वाचून काढलं.

विस्कॉन्सिनमधल्या तुझ्या ओ क्लेअरच्या विद्यापीठात ही जादा ट्यूशन १९९७ पासून आहे आणि २०१० मध्ये तिला हे नाव देऊन ती वाढवली. त्यातून प्राध्यापकांबरोबर संशोधन, इंटर्नशिप, बाहेरगावचे अभ्यासदौरे यांचा खर्च भागतो. पैसे कुठे जावेत यात स्टुडंट सिनेटलाही बोलता येतं. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की संशोधन करणाऱ्या मुलांना स्टायपेंड मिळतो. नाहीतर ज्याला दुकानात तासावर राबून भाडं भरायचंय, तो लॅबमध्ये फुकट कधी जाणार?

मला हे इतकं का लागलं ते सांगतो. मी बी.एस्सी. केमिस्ट्रीचा. आमच्याकडेही ‘प्रयोगशाळा फी’ असायची, दरवर्षी भरायचो. एका ब्युरेटमागे, म्हणजे थेंब थेंब द्रव सोडायच्या काचेच्या नळीमागे, सहा जण, आणि तिचा कॉक, म्हणजे तोटी, गळकी. ज्याच्या हातात कॉक, त्यालाच गुलाबी रंग, म्हणजे थांबायची खूण असलेला एंड पॉइंट, दिसायचा. बाकीचे पाच जण मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून घ्यायचे. मी त्या पाचांतला. टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने मोजायचा हा प्रयोग, पहिल्यांदा एकट्याने केलं ते थेट वार्षिक परीक्षेत. थेंब थेंब सोडायचं कळलं नाही, फ्लास्क एकदम गडद गुलाबी झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “एंड पॉइंट कुठे गेला?” मी खाली बघत राहिलो. मार्क मिळाले, जर्नल सुरेख होतं ना! पण केमिस्ट्री माझ्या हातात कधी आलीच नाही.

आता गेल्या वसंतातलं आठव. आई आणि मी मिनियापोलिसहून सर्काच्या, म्हणजे तुमच्या विद्यार्थ्यांच्या संशोधन-प्रदर्शनाच्या, दिवशी आलो होतो, डेव्हीज सेंटरमध्ये पोस्टरांच्या रांगा लागल्या होत्या. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ओढ्याच्या पाण्यातल्या नायट्रेटबद्दल सांगत होती. एक नमुना फ्रीजमध्ये ठेवायला उशीर झाला, म्हणून तो दिवसच हिशेबातून काढावा लागला, असं तिने आम्हा परक्यांना सरळ सांगून टाकलं. माझ्या जर्नलमधलं एकही रीडिंग कधी चुकलं नव्हतं, बघ. ती एकोणीस वर्षांची पोर मला माझ्या आख्ख्या वर्गापेक्षा मोठी केमिस्ट वाटली.

तू अजून कुठल्याच प्रोजेक्टमध्ये नाहीस, हे मला आईकडून कळलं. ते जादा पैसे आपण भरतोच आहोत, बाळा, आणि तू मात्र पुलावरून वर्गात नि वर्गातून खोलीवर. प्राध्यापकांना ईमेल करायला घाबरतेस, ग्रेड चांगले नाहीत म्हणतेस. ग्रेडचं राहू दे. त्यांच्या ऑफिस अवर्समध्ये जाऊन बस आणि विचार, “माझ्याजोगं काही काम आहे का?” बाटल्या धुवायला सांगितल्या तरी हो म्हण.

आणि शनिवारची दुकानातली शिफ्ट आड येत असेल तर सोडून दे. स्टायपेंड सुरू होईपर्यंत भाड्याचं मी बघतो, आईशी बोलणं झालंय.

तुझा,
बाबा